एक स्टीलचा चमचा आणि ३६ दिवस

काल दुपारी मेल आला, फाइल मंजूर. एक साधा स्टीलचा चमचा, व्हेक्टरमध्ये (म्हणजे ठिपक्यांऐवजी रेघा-वळणांच्या आकारांत) काढलेला, ६ जानेवारीला सुरू केला होता आणि ११ फेब्रुवारीला तो स्टॉक इमेजच्या, म्हणजे तयार चित्रं विकणाऱ्या, साइटवर लागला. मध्ये एकदा परत आला, दोनदा तर मीच सगळं पुसून पहिल्यापासून केलं. सुरुवातीला मी बरंच शोधलं होतं, पण मिळायचं ते सगळं 'या बटणावर क्लिक करा, हा क्रोम ग्रेडियंट लावा' असलं. तेवढं करूनही वस्तू धातूची का दिसत नाही हे कुणी सांगत नव्हतं, आणि माझं घोडं नेमकं तिथेच अडलं होतं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवतेय, कुणीतरी याच जागी अडकलेलं असणार.

आधी सामान काय होतं ते सांगते. सॉफ्टवेअर इंकस्केप, ते फुकट आहे आणि मुक्त परवान्याचं आहे, त्यामुळे पैशाचा खर्च शून्य. पेन टॅब्लेट नाही, साधा माऊस. फोटो तपासायला गिम्प, तेही फुकट. खर्च झाला तो वेळ, वहीत मांडत होते, एकूण साधारण ४० तास. बहुतेक रोज संध्याकाळी दीड-दोन तास बसायचे. चमचाच का निवडला, तर वाटलं सोपा आहे, दोन वळणं आणि एक दांडा. आज कुणी विचारलं तर सांगेन की पहिल्यांदा करणाऱ्याने चमचा घेऊ नये, सरळ पाइपचा तुकडा किंवा सपाट पट्टी घ्यावी, चमच्यात आतून खोलगट, कडेला गोल, मानेपाशी अरुंद असे सगळे आकार एकाच वस्तूत येतात.

६ तारखेला आउटलाइन काढली. ती मात्र खरंच सोपी गेली, अर्धा चमचा बेझियर पेनने काढला, डुप्लिकेट करून आडवा फ्लिप केला, मधले नोड, म्हणजे रेघेवरचे सांध्याचे बिंदू, जोडले, झालं. अर्धाच काढायची ही सवय ठेवा, दोन्ही बाजू हाताने काढल्या की कितीही जपलं तरी कुठेतरी चमचा वाकडा होतोच. मग करडा ग्रेडियंट, फिकटकडून गडदकडे, आणि वर डावीकडे एक पांढरा ठिपका, चमक म्हणून. रात्री बघितलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी धाकटा भाऊ मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, हा प्लास्टिकचा आहे ना गं?" तो चिडवत नव्हता, त्याला खरंच तसं वाटलं होतं. मी परत बघितलं तर त्याचं बरोबर होतं, करड्या प्लास्टिकचा डिस्पोजेबल चमचा. आणि आणखी एक गोष्ट खटकली, चमच्याची वाटी खोलगट वाटायच्या ऐवजी फुगीर दिसत होती. का ते तेव्हा कळलं नाही, ते पुढे येईल.

८ आणि ९ तारीख मी शॉर्टकटमध्ये घालवली. चमच्याचा फोटो काढला, इंकस्केपमध्ये आणला आणि ट्रेस बिटमॅप, म्हणजे फोटोवरून आपोआप आकार काढणारी सोय, चालवलं, ब्राइटनेसचे ८ टप्पे देऊन. पहिल्या नजरेला निकाल चकित करणारा, अगदी फोटोसारखा! पण नोड टूल घेऊन क्लिक केलं तर मुंग्यांसारखे नोड, शेकड्यांनी, प्रत्येक आकाराची कड खरबरीत. सिम्प्लिफाय केलं, म्हणजे नोड आपोआप कमी केले, तर आकारच वितळले. मोठं करून बघितलं की लक्षात यायचं, पॉलिश केलेल्या स्टीलच्या कडा अशा कुरतडलेल्या नसतात, त्या एका दमात वाहतात. दोन दिवस गेले पण निदान एवढं समजलं की हाताने काढण्याला पर्याय नाही.

मग १० ते १२ जानेवारी मी सॉफ्टवेअर उघडलंच नाही. फक्त चमचा बघितला. माझ्या मते या सगळ्या ३६ दिवसांतले हे तीन दिवस सगळ्यात कामाचे, त्यामुळे इथे जरा थांबते.

खिडकीजवळ टेबलावर पांढरा कागद, त्यावर चमचा, खिडकी डावीकडे. कागदावर पेन्सिलीने चमच्याभोवती रेघ मारून ठेवली म्हणजे हलला तरी परत त्याच जागी बसवता येतो, आणि खुर्चीच्या पायांनाही खुणा केल्या, कारण आपलं डोकं चार बोटं सरकलं तरी चमच्यातलं सगळं बदलतं. वाटीत बघितलं तर खिडकीचा उजेड वाटीच्याच उजव्या भिंतीवर! मी चित्रात चमक डावीकडे दिली होती, चेंडूवर देतात तशी. चेंडू बाहेर फुगलेला असतो, त्याची डावी बाजू खिडकीकडे वळलेली असते. वाटीत उलटं, तिची उजवी भिंत खिडकीकडे तोंड करून असते. म्हणून माझा चमचा फुगीर दिसत होता. एवढ्या एका ठिपक्याच्या जागेवर खोल की फुगीर ते ठरतं, ही गोष्ट मला कुठल्याही ट्युटोरियलमध्ये सापडली नव्हती.

आणखी निरखलं तर ती चमक म्हणजे ठिपका नव्हताच, ती अख्खी खिडकी होती, चौकटीसकट, उलटी. मधली उभी पट्टी केसाएवढी बारीक, आणि खिडकी लांबट ताणलेली. शाळेत शिकलेला अंतर्वक्र आरसा तो हाच, नाभीपेक्षा लांबची वस्तू उलटी दिसते, आणि चमच्याची नाभी वक्रतेच्या त्रिज्येच्या निम्म्यावर, म्हणजे अगदी काही सेंटिमीटरवर, त्यामुळे खोलीतलं सगळंच उलटं. ताणलेली का, तर वाटी लांबीच्या बाजूने कमी वाकलेली आणि रुंदीच्या बाजूने जास्त. वाटीच्या मधोमध एक काळपट डाग होता, मी तो घाण समजून फडक्याने पुसला. गेला नाही. मान हलवली तर डाग हलला. ते माझं डोकं होतं, खाली डोकं वर खांदे. तेवढ्यात भाऊ पिवळा टीशर्ट घालून मागून गेला आणि दांड्यावरून एक पिवळी रेघ सरसर सरकत मानेपाशी येऊन बारीक झाली, मग वाटीच्या कडेला लागून वळली आणि नाहीशी झाली. मी त्याला अजून तीनदा जायला लावलं. ती रेघ ज्या वाटेने गेली तोच तर चमच्याचा आकार होता!

तिथे माझं गाडं रुळावर आलं. मी इतके दिवस 'स्टीलचा रंग' शोधत होते. प्लास्टिकला अंगचा रंग असतो, तो सगळीकडे पसरून दिसतो, आणि त्यावर समोरून आलेल्या उजेडापैकी साधारण ४ टक्केच आरशासारखा परत फिरतो. पॉलिश स्टीलवरून निम्म्याहून जास्त फिरतो, चांदीवरून तर ९० टक्क्यांच्या वर. म्हणजे चमचा काढायचा म्हणजे खिडकी, कागद, टेबल आणि माझं डोकं काढायचं, चमच्याच्या आकारात वाकवून. करडा रंग भरत बसले तर प्लास्टिकच होणार.

एक युक्ती फोटोग्राफर लोक वापरतात ती इथेच सांगते. सगळीकडे पांढरा कागद असला की चमचा पांढराफटक होऊन कागदात विरतो, म्हणून चकचकीत वस्तूंचे फोटो काढताना बाजूला मुद्दाम काळे कागद उभे करतात. मी काळ्या पुठ्ठ्याची दोन बोटं रुंद पट्टी चमच्याच्या डाव्या हाताला उभी केली आणि लगेच दांड्याच्या कडेने एक काळी धारदार रेघ उमटली, पूर्ण लांबीभर. पट्टी काढली की चमचा मेला, ठेवली की जिवंत. जागा ठरेपर्यंत अर्धा तास नुसती पट्टी सरकवत होते.

१३ तारखेला मग नीट फोटो काढला आणि गिम्पमध्ये पोस्टराइझ केला, ५ लेव्हलवर. ट्रेस करण्यासाठी नाही हां, फक्त समजण्यासाठी. पाच छटांची बेटं दिसतात, कुठलं बेट कुठे सुरू होतं, कुठल्याला धारदार कड आहे आणि कुठलं हळूहळू विरतं. ड्रॉपरने रंग मोजले (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा) तर उजळ भाग २५० च्या आसपास, काळे भाग ३०-४०, आणि मधला करडा, जो मी पहिल्या दिवशी सगळीकडे ओतला होता, तो फारच थोडा. शिवाय एकही करडा शुद्ध नाही, खिडकीच्या बाजूचे निळसर, टेबलाच्या बाजूचे तपकिरी झाक असलेले. ही झाक अगदी किंचित ठेवायची पण ठेवायचीच, लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे सारखे असलेला करडा स्टीलसारखा दिसत नाही.

त्याच रात्री ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियम या संग्रहालयाच्या साइटवर विलेम हेडाचं १६३५ चं स्टिल लाइफ उघडलं, सोनेरी मुलाम्याचा पेला असलेलं. हा हारलेमचा चित्रकार, चांदीच्या आणि प्यूटरच्या (कथलाच्या मिश्रधातूच्या) भांड्यांसाठी नावाजलेला, आणि तिथे चित्रं मोठ्या रिझोल्यूशनमध्ये फुकट बघता येतात. लांबून धातू इतका खरा की हात लावावा. झूम करत गेले तर करडे-तपकिरी पट्टे, आणि अगदी मोजक्या जागी पांढरा. पांढरा मोजका आहे म्हणून तर तो चमकतो. मी पुढे रोज काम सुरू करायच्या आधी पाच मिनिटं ते चित्र बघायचे.

१४ ते २० जानेवारी प्रत्यक्ष काम. क्रम असा ठेवला, आधी सगळ्यात गडद आकार, मग उजळ, मधले शेवटी. प्रत्येक आकार पेनने, कमीत कमी नोड ठेवून, माझ्या डोक्याच्या त्या डागाला फक्त ६ नोड लागले. वाटीतले आकार वाटीच्या पाथने, म्हणजे तिच्या बाहेरच्या रेघेने, क्लिप केले, रेघेबाहेरचं झाकलं जातं, त्यामुळे कडेबाहेर गेले तरी चालतात आणि वळण मोकळेपणाने काढता येतं. क्लिप करताना ज्याने कापायचं तो पाथ सगळ्यात वर ठेवावा लागतो, हे विसरलं की भलतंच गायब होतं. वाटीची मूळ प्रत आधी डुप्लिकेट करून बाजूच्या लेयरला लॉक करून ठेवा, क्लिप पाथ वापरला गेला की तो परत लागतोच.

दांड्यासाठी बऱ्याच स्टॉपचा (रंग ठरवून दिलेल्या जागांचा) लिनियर, म्हणजे सरळ रेघेत बदलणारा, ग्रेडियंट. इथे एक गोष्ट कळली तेव्हा फार आनंद झाला, दोन स्टॉप अगदी लागून ठेवायचे, म्हणजे काळा ४२ टक्क्यांवर आणि पांढरा ४३ वर, की धारदार रेघ मिळते, वेगळा आकार काढावा लागत नाही. धातूत काळ्याला खेटून पांढरा येतो, मध्ये काहीच नाही, मऊ ग्रेडियंटमध्ये ते कधीच येत नाही. पण दांडा जिथे वळतो तिथे हा ग्रेडियंट वळत नाही, सरळच राहतो, म्हणून मानेजवळचे पट्टे वेगळे काढले, निमुळते, सगळे मानेकडे जवळजवळ येत जाणारे. भावाच्या टीशर्टची रेघ कशी गेली होती ते आठवून काढले, खरंच.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो वाटीच्या कडेने. पत्र्याला जाडी असते, आणि ती जाडी दिसली नाही तर चमचा कागदातून कापल्यासारखा वाटतो. बाहेरच्या पाथचा इनसेट, म्हणजे आत सरकवलेली प्रत, घेऊन आतली रेघ केली, पण तेवढ्याने ती सगळीकडे सारखी जाड आली आणि लगेच नकली दिसली. मग दोन्ही पाथमधलं अंतर हाताने कमी-जास्त केलं, टोकाकडे जाड, बाजूंना बारीक, आणि त्या पट्टीत पांढरा फक्त दोन जागी, खिडकीच्या समोर, बाकी मध्यम आणि एका ठिकाणी जवळजवळ काळी. हे एवढंसं काम, दोन संध्याकाळी गेल्या, पण ते झाल्यावर मी चित्र अगदी लहान करून बघितलं, नखाएवढं, आणि पहिल्यांदाच तो स्टीलचा होता. लहान करून बघणं आणि आडवं फ्लिप करून बघणं, दोन्ही रोज करा, डोळा एकदा सरावला की चुका दिसत नाहीत.

डोक्याचा डाग मी एकदा काढून पाहिला, वाटलं नीटनेटकं दिसेल. वाटी रिकामी, मेलेली दिसायला लागली. परत ठेवला.

विरणाऱ्या कडांना मी ब्लर दिला होता, खालच्या सावलीलाही, काही चमकांची ओपॅसिटी कमी करून त्या थोड्या पारदर्शक केल्या होत्या. दिसायला सुंदर. २१ जानेवारीला सबमिट केलं. आता या भागाची माहिती. साइटला ईपीएस (व्हेक्टर चित्राचा एक प्रकार) फाइल हवी होती, सोबत जेपीईजी प्रिव्ह्यू, पानाचा आकार किमान ४ मेगापिक्सेल, मी २५०० बाय २००० ठेवला. फॉर्ममध्ये शीर्षक, वर्णन, कीवर्ड, कॅटेगरी, चित्र एआयने केलंय का याची टिकमार्क, आणि फोटो बघून काढलं असेल तर तो फोटो स्वतःचा आहे याची घोषणा, तिथे मूळ फोटोही जोडायला सांगितला. माझा स्वतःचाच होता म्हणून निभावलं, नेटवरचा कुणाचा चमचा बघून काढला असता तर तिथेच अडकले असते. संदर्भाचा फोटो स्वतःच काढा आणि मूळ फाइल डिलीट करू नका.

आठ दिवस काहीच नाही, स्टेटस 'परीक्षणात'. रोज सकाळी उघडून बघायचे. २९ तारखेला नकार, कारण एका ओळीत, व्हेक्टर फाइलमध्ये रास्टर, म्हणजे फोटोसारखे ठिपक्यांचे, भाग आहेत. मला कळेचना, मी तर एकही फोटो घातला नव्हता. त्या दिवशी खूप निराश झाले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत हातच लावला नाही.

मग ईपीएस उघडून खूप झूम केलं, सावलीच्या कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या. कारण असं, ईपीएसला पारदर्शकता माहीतच नाही, आणि ब्लर हा फिल्टर आहे, म्हणून सेव्ह करताना इंकस्केप असल्या भागांचं गुपचूप ठिपक्यांचं चित्र करून टाकतं. सेव्हच्या खिडकीत फिल्टर रास्टराइझ करण्याचा पर्याय टिक केलेला होता, मी वाचलाच नव्हता. आणि पारदर्शकता लपायच्या जागा बऱ्याच आहेत, वस्तूची ओपॅसिटी, फिलच्या रंगाचा अल्फा (पारदर्शकतेचा आकडा), ग्रेडियंटच्या एकेका स्टॉपचा अल्फा, लेयरची ओपॅसिटी, आणि मास्क (भाग अर्धवटही झाकू शकणारा पडदा). क्लिप चालतो, मास्क नाही. मी एकेक वस्तू सिलेक्ट करून फिल अँड स्ट्रोक मध्ये तपासली, ब्लर शून्य, ओपॅसिटी शंभर. असे २३ तुकडे निघाले.

ब्लरच्या जागी इंटरपोलेट वापरलं, एक्स्टेन्शनच्या मेनूत 'जनरेट फ्रॉम पाथ' मध्ये आहे. दोन पाथ घ्यायचे, बाहेरचा पार्श्वभूमीच्या रंगाचा, आतला गडद, आणि मधले २०-२५ टप्पे ते करून देतं, स्टाइल इंटरपोलेट टिक केलं की रंगही टप्प्याटप्प्याने बदलतात, सगळे अपारदर्शक. पहिल्या प्रयत्नात माझी सावली दोरीसारखी पिळली गेली, तीन वेळा. दोन्ही पाथचे नोड सारखे नव्हते आणि सुरुवातीचा नोड वेगळ्या जागी होता. उपाय सोपा, आतला पाथ नव्याने काढायचा नाही, बाहेरचाच डुप्लिकेट करून नोड सरकवून लहान करायचा, म्हणजे नोडची संख्या, क्रम, दिशा सगळं आपोआप जुळतं. वेगळाच काढलेला असेल तर एका पाथला रिव्हर्स करून बघा. ३० जानेवारी ते ५ फेब्रुवारी, २३ पैकी ९ ठिकाणी इंटरपोलेट, बाकी ठिकाणी मी सरळ धारदार कड ठेवली. आणि त्या धारदार कडा ब्लरपेक्षा जास्त स्टीलच्या दिसल्या, हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं.

५ तारखेला परत पाठवलं. परीक्षकासाठी टिपणाची एक चौकट होती, त्यात दोन ओळीत लिहिलं की सगळे फिल्टर आणि पारदर्शकता काढली आहे, त्याचा उपयोग झाला की नाही सांगता येत नाही पण लिहायला काही लागत नाही. सहा दिवसांनी, काल, मंजुरी.

भावाला दाखवला. त्याने लॅपटॉप जवळ ओढला, वाटीत बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ताई, हे मध्ये तूच आहेस ना?"

आज सकाळी कागदावर पितळेची किल्ली ठेवली आहे, काळी पट्टी डावीकडे. एक फरक आत्ताच दिसतोय, स्टीलमध्ये खिडकी पांढरी दिसायची, हिच्यात खिडकीसुद्धा पिवळी आहे.